मैदान आणि रणांगण

भाईंदरच्या केबिन रोडवर कचेरीतून परतणारा कारकून असो की शिकवणी आटोपून घराकडे निघालेला शिक्षक, भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी त्याची पावले घाईने पडतात. ही उत्सुकता स्वाभाविकच आहे. परंतु धावसंख्येची चौकशी करता करता चौकार-षटकारांची भाषा केव्हा तोफगोळ्यांची होते, हे बोलणाऱ्यालाही उमगत नाही. मैदानाची आणि रणांगणाची ही सरमिसळ कितपत योग्य, याचा विचार करू पाहणाऱ्याने १९७१ या वर्षाची पाने उलटावीत. युद्धाच्या उंबरठ्यावर उभे असलेले ते वर्ष भारतीय क्रीडाक्षेत्राच्या दृष्टीनेही असामान्य होते.

त्या वर्षारंभी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींऐवजी अजित वाडेकर कर्णधार झाले. स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या या दादरच्या खेळाडूकडून फारशी अपेक्षा कोणी बाळगली नव्हती. १० मार्च रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत प्रथमच नमविले आणि पुढे मालिकाही जिंकली. नवोदित सुनील गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा केल्या. मडगावच्या दिलीप सरदेसाईने ६४२. इकडे हे सारे खंदे वीर परदेशी असताना सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने महाराष्ट्राला हरवून रणजी करंडक राखला. मराठी माणसाची छाती फुगावी असेच ते दिवस होते.

परंतु त्याच दिवसांत पूर्वेकडे निराळेच काही शिजत होते. १ मार्च रोजी ढाक्याच्या मैदानावर पाकिस्तानच्या संघाचा एका आंतरराष्ट्रीय संघाशी सामना चालू होता. नियोजित राष्ट्रसभा लांबणीवर टाकल्याची याह्याखानांची घोषणा कानी पडताच प्रेक्षक खवळून उठले आणि सामना अर्ध्यावर थांबवावा लागला. २४ मार्चला जॉर्जटाउनची तिसरी कसोटी अनिर्णित संपली. दुसऱ्याच रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल आरंभली. निर्वासितांचे लोंढे भारतात लोटू लागले आणि वर्षअखेरीस त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली.

२४ ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी, ओव्हलवर भारताने इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर प्रथम पराभूत केले. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला होता. मुंबईत विजयी वीरांची उघड्या मोटारींतून मिरवणूक निघाली. पण त्या आनंदाने निर्वासितांच्या छावणीतील एकाही मुलाची भूक भागली नाही. नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावावे लागले, तेव्हा त्या दुःखाचा भार सामान्य कारकुनाच्या पत्रापर्यंत येऊन पोहोचला. खेळाने या दुःखाची दखल घेतलीच नाही असेही नव्हे. बांगलादेशच्या मुक्तिलढ्यासाठी निधी गोळा करणारा स्वाधीन बांगला फुटबॉल संघ भारतभर खेळत फिरला. मुंबईत त्याच्याविरुद्ध महाराष्ट्राच्या संघातून खुद्द पतौडी मैदानात उतरले. कर्णधारपद गमावलेल्या माणसाचे हे वर्तन त्याच्या मोठेपणाची साक्ष देणारे ठरले.

ऑक्टोबरात हॉकीची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. ती मुळात पाकिस्तानात व्हायची. दोन्ही देशांमधील वैमनस्यामुळे ती बार्सिलोनाला गेली. उपांत्य सामन्यात पाकिस्तानने भारताला २-१ असे हरविले आणि पुढे विश्वचषकही पटकावला. अवघ्या काही आठवड्यांनी, ३ डिसेंबरला, युद्ध पेटले. मुंबईत काचांना कागद चिकटले, दिवे मालवले गेले. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. ऑक्टोबरात हरलेला देश डिसेंबरात जिंकला. मैदानावरील निकाल हे रणांगणाचे भाकीत नसते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

त्या पंधरवड्यात ऑस्ट्रेलियात सोबर्सच्या जागतिक संघातून गावसकर, बेदी व फरोख इंजिनिअर यांच्यासमवेत पाकिस्तानचे इंतिखाब आलम, झहीर अब्बास आणि आसिफ मसूद हे दौरा करीत होते. मायदेशी तोफा धडाडत असतानाही त्यांचे सौहार्द तुटले नाही. त्याने युद्ध थांबले नाही हे खरे. पण त्यामुळे सीमेवरील एकाही भारतीय जवानाचे शौर्यही उणावले नाही.

२०२५ च्या एप्रिलमधील पहलगामचे हत्याकांड आणि त्यानंतरचा मे महिन्यातील लष्करी संघर्ष यांच्या पार्श्वभूमीवर, सप्टेंबरात आशिया चषकाच्या सामन्यांत भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन टाळले. त्यामागील वेदना खोटी म्हणता येणार नाही. अशा शेजाऱ्याशी खेळूच नये, असे कोणी म्हटले तर ती भूमिका निदान सुसंगत तरी आहे. परंतु सामना खेळायचा, त्याचा पैसाही घ्यायचा आणि वर त्याला युद्धाचे रूप द्यायचे, यात ना खेळाचा सन्मान आहे ना हुतात्म्यांचा. खेळाडू बाद झाला तर तंबूत परततो. सीमेवरील जवान परत येईलच याची खात्री कोणालाही देता येत नाही. या दोघांना एकाच तराजूत तोलणे ही जवानाच्या बलिदानाची प्रतारणा आहे.

केबिन रोडच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना १९७१ चे विजय अवश्य सांगावेत. ओव्हल सांगावे आणि ढाकाही सांगावे. मात्र ते दोन निरनिराळ्या तासांना सांगावेत.