धुणारीच्या मापाचं सिंक

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एका नव्या घराचं प्लास्टर चालू होतं. मागच्या दाराशी गवंडी टेप धरून उभा, शेजारी घरमालक. तिथे धुण्याचं सिंक बसवायचं होतं. "किती उंच ठेवू, भाऊ?" गवंड्याने विचारलं. भाऊंनी आपल्या कंबरेला हात लावला, "एवढं ठेव." भाऊ पावणेसहा फूट. त्यांच्या पत्नी पायरीवर बसून निवांत सगळं बघत होत्या, उंची जेमतेम पाच फूट. रोज दोन बादल्या धुणं त्यांच्याच हातून होणार, पण त्यांना कुणी उठून उभं राहायला सांगितलं नाही. मला राहवलं नाही. मी आत गेले, ताईंना भिंतीशी उभं केलं आणि त्यांच्या मापाने खूण करायला लावली.

या सदरात ओटा, माळा, जिना अशा पुष्कळ गोष्टींवर लिहून झालं. मोरीवर लिहायचं मात्र राहून गेलं होतं, आणि घरातल्या बाईच्या पाठीचं सगळ्यात जास्त नुकसान मोरीनेच केलं आहे. आमच्या जुन्या घरात मोरी म्हणजे चार बाय तीनचा चौकोन, कोपऱ्यात काळा धुण्याचा दगड, शेजारी पाण्याचं पिंप. आई त्या दगडासमोर उकिडवी बसायची. घोळ, आपट, पिळ, पुन्हा घोळ. शेवटचं लुगडं पिळून झालं की एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर टेकवून उठायची आणि म्हणायची, "कंबर मोडी गई व माय." आम्ही भावंडं हे रोज ऐकायचो. ऐकून ऐकून त्याचं काही वाटेनासं झालं होतं, याची मला आज फार खंत वाटते.

मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट पुलावरून बघितला तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा माझ्या ध्यानात आली. तिथे सिमेंटच्या हौदांच्या रांगा आहेत, प्रत्येक हौदाला आपटायचा स्वतःचा दगड आहे, आणि काम चालतं ते उभ्याने. ज्यांचं पोट धुण्यावर होतं त्यांची जागा अशी बांधली गेली. घरातल्या बाईला दिवसभरात धुण्याखेरीज आणखी दहा कामं असतात, तरी तिचा दगड आपण जमिनीवर ठेवला. कारण तिच्या कामाला धंदा म्हणून कुणी मोजलंच नाही.

आता घरं बदलत आहेत. आमच्या चाळीसगावात नव्या प्लॉटवर जी बांधकामं उभी राहतात, त्यांच्या नकाशात मागे 'वॉश एरिया' असतो, फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी असते. वॉशिंग मशीन तर आलंच. तरी हाताचं धुणं संपत नाही. कॉलर, लहान मुलांचे कपडे, पायपुसणी, शेतातून आलेले मातीचे कपडे, गोधड्या हे सगळं मशीनच्या आधी किंवा मशीनला वगळून हातानेच होतं. म्हणून माझं म्हणणं असं, की मशीनला जागा कराल तशी उभ्याने धुण्याच्या खोल सिंकलाही करा. आणि ते घेताना दिसतं कसं हे नंतर बघा, आधी बघा धुणारीचा हात कुठे पोचतो.

उंचीचा हिशेब सिंकच्या काठावरून करतात, तिथेच चुकतं. काम काठावर होत नाही, तळाशी होतं. बारा इंच खोल सिंकचा काठ ३२ इंचांवर ठेवला तर तळ जातो २० इंचांवर, म्हणजे उभं राहूनही पाठ वाकलेलीच. पाच फुटी बाईने हात सैल सोडले की तिच्या मुठी जमिनीपासून साधारण २५-२६ इंचांवर येतात. तळ त्याच्या आसपासच हवा. दहा इंच खोलीचं सिंक आणि काठ ३४ ते ३५ इंचांवर, हे आपल्याकडच्या बहुतेक बायकांना जमतं. घरात धुण्याभांड्याला मावशी येत असतील तर त्यांना उभं करून माप घ्या. त्यांचं धुणं एका घरात संपत नाही, चार घरांत वाकून त्या पाचव्या घरी स्वतःचं धुतात.

लांबी-रुंदी किमान २४ बाय १८ इंच. दुकानात जाताना घरातली रोजची बादली बरोबर न्या, खरंच न्या. ती सिंकमध्ये बसली पाहिजे आणि वरच्या नळाखाली सरळ उभी राहिली पाहिजे. नळ खाली आणि बादली उंच असली की ती तिरकी धरून अर्धीच भरता येते. पुढे रोज तेच. गोधडी भिजवणारं घर असेल तर आणखी मोठं घ्या, मात्र वजनाचा विचार करा. २४ बाय १८ बाय १० इंचाच्या सिंकमध्ये सत्तर लिटर पाणी मावतं, म्हणजे सत्तर किलो. त्यात ओली गोधडी. चार इंची भिंतीत दोन ब्रॅकेट ठोकून हे पेलत नाही. खाली दोन्ही बाजूंना विटांच्या किंवा कडाप्प्याच्या भिंती उचलून घ्याव्यात. मधल्या जागेत साबणाचा डबा, ब्रश, मशीनची पावडर राहते.

कशाचं घ्यावं? आपल्याकडे कडाप्पा किंवा शहाबादी फरशी लावून हौद बांधायची पद्धत आहे. दिसायला दणकट, पण दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. संडास धुवायचं ॲसिड त्यावर सांडलं की फसफसतं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, मग मळ त्यातच बसतो. सिमेंटच्या हौदाला टाइल्स लावल्या तर फटी काळ्या पडतात. चिनी मातीचं सिंक स्वच्छ राहतं, पण पितळी घंगाळ हातातून निसटलं की संपलं. प्लास्टिकचे टब हलके आणि स्वस्त असतात, पण मागच्या अंगणात एप्रिल-मेच्या उन्हात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, तिथे ते दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात.

मी स्टीलच्या बाजूची आहे. त्यातही ३०४ ग्रेड, पत्रा एक मिलिमीटर जाडीचा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून ते गंजाला दाद देत नाही. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, "बघा ताई, चिकटत नाही, अस्सल आहे." त्यावर जाऊ नका. स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि त्याच्या जागी मँगनीज असतं. ग्रेड बिलावर लिहून मागा. आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी स्टीलमध्ये रात्रभर ठेवू नका, क्लोरीनने चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग लिंबाने किंवा व्हिनेगरने निघतात, तारेच्या घासणीची गरज नाही. दगडावर घासायची सवय सुटत नसेल तर सिंकच्या शेजारी, त्याच उंचीवर, आत उतार देऊन एक खडबडीत फरशी बसवा. आमच्याकडे आईचा जुना दगडच तिथे चढवला आहे.

पाइपाच्या बाबतीत मी स्वतः भोगलं आहे. आमच्या सिंकला नळकाम करणाऱ्याने वॉश बेसिनसारखा सव्वा इंची पाइप लावला. पहिल्या दिवाळीला गोधड्या धुतल्या आणि धाग्यांनी तो असा तुंबला की दोन दिवस साबणाचं पाणी बादलीने बाहेर नेलं. दोन इंची पाइप हवा, तोंडाला उचलता येणारी जाळी हवी आणि खाली पाण्याचा सील राहील असा ट्रॅप हवा. त्या सीलमुळेच गटाराचा वास आणि झुरळं घरात येत नाहीत. जमिनीवरच्या जाळीखाली जो बसवतात, त्याला देशभरच्या प्लंबिंगच्या कागदांत आजही 'न्हाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द आहे तो, मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

हा न्हाणी ट्रॅप सिंक आलं म्हणून बुजवू नका. सेमी ऑटोमॅटिक मशीनचं पाणी आपल्या वजनाने खाली उतरतं, त्याची नळी उंच सिंकमध्ये चढवली तर पाणी जाणार नाही. वरून कपडे टाकायच्या बऱ्याच फुल्ली ऑटोमॅटिक मशीनचंही तसंच आहे. पंप असलेली मशीन, म्हणजे मुख्यतः समोरून दार उघडणारी, तेवढीच पाणी वर ढकलते.

या जाळीची आणखी एक काळजी घ्यायची असते. ३१ ऑगस्ट २०२१ चा पूर चाळीसगावात कुणी विसरलेलं नाही. तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकदम चढल्या आणि नदीकाठची घरं, दुकानं पाण्यात गेली. गटारं भरली की पाणी घरातल्या सगळ्यात खालच्या तोंडातून उलटं येतं, आणि ते तोंड म्हणजे मोरीची जाळी. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी त्या जाळीला घट्ट बसणारं झाकण करून ठेवावं. पाणी ओसरल्यावर चिखलाचे कपडे थेट सिंकमध्ये घालायचे नाहीत. आधी अंगणात बादलीत खळबळून गाळ खाली बसू द्यायचा. ट्रॅपमध्ये बसलेला गाळ वाळला की फोडूनच काढावा लागतो.

आणि एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगते आहे. आपला तालुका कपाशीचा. फवारणी करून माणूस घरी येतो, पोर्चमध्ये मोटारसायकलशेजारी पंप ठेवतो, आणि त्याचे कपडे बायको मोरीत मुलांच्या कपड्यांबरोबर भिजवते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. औषध श्वासावाटे जातं तसं कातडीवाटेही जातं, आणि धुणारीचे हात त्या कपड्यांच्या पाण्यात कोपरापर्यंत असतात. हे कपडे घरातल्या सिंकमध्येही नकोत आणि मशीनमध्येही नकोत. शेतावर, विहिरीपासून, नाल्यापासून आणि गुरांच्या पाण्यापासून लांब, वेगळी बादली ठेवा, रबरी हातमोजे ठेवा. कपडे ज्या दिवशी फवारणी त्याच दिवशी, वेगळे आणि भरपूर साबणाने धुवा, उन्हात वाळवा. ज्याने फवारलं त्यानेच ते धुतले तर आणखी चांगलं. तो पंपही घरच्या सिंकखाली आणू नका.

साध्या धुण्याचं पाणी मात्र वाया घालवू नये. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढवणाऱ्या आपल्या आज्या काही चुकल्या नव्हत्या. मागे थोडी जागा असेल तर पाइप शोषखड्ड्याकडे न्या, कडेला केळीचा एक कंद लावा. सिंक शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला, वर पत्रा किंवा स्लॅबची सावली असलेल्या जागी बसवा. पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या स्टीलला दुपारी हात लावता येत नाही.

ज्यांच्या घराचं काम या दिवसांत चालू आहे त्यांना एवढीच विनंती. भिंतीतला पाइप आणि नळाचा पॉइंट प्लास्टरच्या आधी ठरतो, टाइल्स लागल्यावर तो दोन इंच हलवायचा तरी फोडाफोड करावी लागते. गवंडी परत येण्याआधी घरात जी धुणं धुते तिला मागच्या दाराशी उभं करा, हात सैल सोडायला सांगा आणि मुठीच्या उंचीला भिंतीवर कोळशाने रेघ मारा. सिंकचा तळ त्या रेघेवर येऊ द्या.