शेवाळी बेडकाला ऊब नको

उत्तर व्हिएतनामच्या चुनखडीच्या डोंगरांतील शेवाळी वृक्षबेडकाच्या टाकीवर उष्ण दिवा लावण्याचा सल्ला त्याच्या जिवावर बेतणारा आहे. हा प्राणी गारव्यातला. १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. टाकीत निम्मे पाणी हवे, कारण तो बराच वेळ पाण्यातच दडून बसतो. अंगावरील हिरव्या-काळ्या पुटकुळ्यांमुळे ओल्या सालीवर तो शोधूनही सापडत नाही. भ्याला की अंगाचे गाठोडे करून निपचित पडतो.

प्रजननासाठी पाण्यावर झुकलेली साल लागते. मादी अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या वर चिकटवते. अंडी फुटताच पिल्ले खालच्या पाण्यात पडतात आणि बेडूक व्हायला कित्येक महिने घेतात. जंगलातून पकडलेली जोडी मात्र मुळीच विकत घेऊ नये.