भाडेकरूच्या नावावर काय?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याकडे लागलेले असते. पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर धोका. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मात्र अशी धोक्याची पातळी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गाठावी लागते.

राजर्षी शाहू महाराजांचे जन्मगाव असलेले बावडा आता महापालिकेच्या हद्दीत आहे. गावाचे शहर झाले की भाडेकरू येतोच. असेच एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. नवरा रोजंदारीवर, बायको चार घरची धुणीभांडी करणारी. ऑगस्ट २०२४ पासून तिच्या खात्यावर ‘लाडकी बहीण’चे दरमहा १,५०० रुपये येऊ लागले. भाडे समजा ३,००० असेल, तर निम्मा भार हलका झाला. पण ही मदत घरासाठी नाही. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, पडताळणी, २०२५ मध्ये आलेली ई-केवायसीची सक्ती, यांत कुठेही अडले की हप्ता थांबतो. भाडे थांबत नाही.

मग घरासाठीची मदत कोणाला? २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये ठरले. पण भाडेकरूकडे नेमकी जागाच नसते. घरकर्जावरील व्याजाची सवलत दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ३१ मार्च २०२२ रोजी संपली. सप्टेंबर २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि ती १ लाख ८० हजारांपर्यंत परत आली. पण पगारपत्रक नसलेल्या रोजंदाराला बँकेच्या दारात उभे कोण करणार?

ब्रिटनमध्ये नगरपालिका स्वतः घरे बांधून भाड्याने देत आल्या, आणि ज्याला भाडे झेपत नाही त्याला सरकार भत्ता देते. २०१३ साली तिथे नियम बदलला. एक खोली जादा असेल तर भाड्यासाठी धरलेल्या रकमेत १४ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के कपात. घर तेच, भाडे तेच, भत्ता तेवढा घटला. लहान घरे पुरेशी नव्हती, म्हणून अनेकांची थकबाकी वाढली. त्यावर मोठा गदारोळ झाला, कारण कापण्यासारखे काहीतरी भाडेकरूच्या नावावर होते. आपल्या भाडेकरूच्या नावावर तेवढेही नाही!

आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा एक भाग आहे. महापालिकेने त्यासाठी जागा शोधावी, असा आग्रह नागरिकांनीच धरायला हवा. मालकीच्या घराचे स्वप्न चांगलेच, पण ते पुरे होईपर्यंत माणसाने राहायचे कुठे?

एक गोष्ट मात्र सरकारची वाट न पाहता होण्यासारखी आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. आज हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी मागची खोली भाड्याने दिलेली असेल. तोंडी व्यवहारावर राहणाऱ्याला पत्त्याचा पुरावा देता येत नाही आणि पुराव्यावाचून कोणत्याच योजनेचे दार उघडत नाही. आपल्या एका सहीने त्या कुटुंबाला निदान पत्ता तरी मिळेल.