'रोग राजा-रंक पाहत नाही': एका खोट्या वाक्याचा इतिहास

१.
प्रत्येक साथीत एक वाक्य हमखास ऐकू येते: 'रोग राजा-रंक पाहत नाही, जात-धर्म जाणत नाही.' वाक्य उदात्त आहे आणि कानाला गोडही लागते. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. आजचा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे आणि त्याचा मुख्य साक्षीदार आहे १९१८ सालची मुंबई.

२.
मे १९१८ च्या अखेरीस सैनिकांना घेऊन एक जहाज मुंबई बंदरात लागले. १० जूनला गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. पाहता पाहता गोदीतले, कचेऱ्यांतले आणि गिरण्यांतले लोक अंथरुणाला खिळले. हाच तो इन्फ्लुएंझा, ज्याला आपल्या खेड्यापाड्यांनी पुढे 'मानमोडी' म्हटले.

३.
पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट संहारक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. शहराची वस्ती तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे भय कळते.

४.
त्या काळी मृत्यूची नोंद समाजगटानुसार होत असे. मुंबईत दर हजारी किती माणसे या साथीत दगावली, ते पाहा:
युरोपीय: ८.३
पारशी: ९.०
अँग्लो-इंडियन: ११.९
भारतीय ख्रिस्ती: १८.४
सवर्ण हिंदू: १८.९
मुसलमान: १९.२
आणि ज्यांना नोंदवहीने 'खालच्या जातींचे हिंदू' म्हटले, ते: ६१.६

५.
युरोपीय माणसाच्या तुलनेत दलित माणसाच्या मृत्यूचे प्रमाण सात पटींहून अधिक, आणि सवर्ण हिंदूच्या तुलनेत तिपटीहून अधिक! शहर एक, हवा एक, विषाणूही एकच. मग 'रोग काही पाहत नाही' हे वाक्य या नोंदवहीपुढे कोणत्या तोंडाने उच्चारावे?

६.
येथे पहिला आक्षेप येतो: 'हा रक्ताचा, वंशाचा फरक असेल.' तर तक्ता पुन्हा वाचा. पारशी आणि युरोपीय यांचा वंश भिन्न, तरी आकडे जवळजवळ सारखे. सवर्ण हिंदू, मुसलमान आणि भारतीय ख्रिस्ती यांचे धर्म भिन्न, तरी त्यांचेही आकडे एकमेकांना चिकटलेले. उलट सवर्ण आणि दलित एकाच मातीतले, आणि दरी मात्र तिथेच सर्वांत खोल. ही विभागणी रक्ताची नव्हे, राहणीमानाची आहे.

७.
दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: 'वसाहतकाळातील नोंदी कितपत अचूक?' त्या निर्दोष नव्हत्या, हे मान्य. कोणत्या गटाची लोकसंख्या किती धरली, पळून गावी गेलेले किती, यांत चूक संभवते. परंतु सात पटींचा फरक लेखनिकाच्या हातून घडलेल्या चुकांनी उभा राहत नाही. दुरुस्ती करून तो कमी-अधिक होईल, नाहीसा होणार नाही.

८.
तिसरा आक्षेप शास्त्राच्या नावाने येतो: 'शेवटी प्रश्न प्रतिकारशक्तीचाच ना?' काही अंशी, होय. वय, गर्भारपण, आधीचे आजार यांनी शरीर दुबळे होते. १९१८ च्या साथीत तर वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसे मोठ्या संख्येने गेली. जीवशास्त्र नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, ती शक्ती कुठे घडते आणि कुठे झिजते?

९.
आधी ताटाकडे पाहा. १९१८ चा नैर्ऋत्य मोसमी पाऊस दगा देऊन गेला, खरिपाची पिके करपली. महायुद्धामुळे महागाई आधीच भडकली होती. ज्वारी-बाजरी मजुराच्या आवाक्याबाहेर गेली. दुसरी लाट आली, ती नेमकी या उपासमारीच्या हंगामात. देशात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड होते, म्हणजे आजच्या महाराष्ट्राचा बहुतांश मुलूख.

१०.
मग घराकडे पाहा. गिरणगावातील बहुसंख्य कुटुंबे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत. खोलीत उजेड नाही, वारा नाही, आणि एका माणसाच्या भाड्यात चार जण निजलेले. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात रुग्णाला वेगळे ठेवा, हा सल्ला मलबार हिलच्या बंगल्यात पाळता येत होता. चाळीतल्या माणसाने रुग्णाला कुठे ठेवावे, जिन्यात?

११.
शेवटी शुश्रूषेकडे पाहा, कारण कळीचा मुद्दा हाच. १९१८ चे बहुतेक मृत्यू केवळ विषाणूने झाले नाहीत. विषाणूने फुप्फुसे जखमी केली आणि त्यांत जिवाणूंचा न्यूमोनिया शिरला. प्रतिजैविके अजून जन्मायची होती. अशा वेळी जीव वाचवणाऱ्या गोष्टी साध्या होत्या: पूर्ण विश्रांती, ऊब, पाणी, पेज आणि उशाशी जागणारे कोणी. रोजंदारीवरच्या माणसाला यांतले काय परवडत होते? तो तापात कामावर गेला, कारण खाडा म्हणजे उपास.

१२.
स्त्रियांची कथा याहून करुण आहे. भारतात या साथीने पुरुषांपेक्षा स्त्रियांचे बळी अधिक घेतले. घरात अन्न कमी पडले तर शेवटी जेवणारी ती, रुग्णांच्या उशाशी बसणारी ती, आणि स्वतःला ताप चढला तरी चूल पेटवणारीही तीच. तिच्या शरीरात निसर्गाने काही कमी ठेवले नव्हते. कमी ठेवले होते ते घराने.

१३.
हा केवळ मुंबईचा अपवाद म्हणाल, तर क्षणभर प्रशांत महासागरात चला. सामोआ बेटांवर एकच समाज, एकच भाषा, एकच वंश. राज्ये मात्र दोन: पश्चिमेला न्यूझीलंडचे, पूर्वेला अमेरिकेचे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेले 'तालुने' नावाचे जहाज पश्चिम सामोआच्या आपिया बंदरात लागले. जहाजावर आजारी माणसे होती, तरी उतारू उतरू दिले गेले.

१४.
पश्चिम सामोआत सुमारे साडेआठ हजार माणसे गेली, म्हणजे पाचांतील एकाहून अधिक. जवळजवळ सगळेच एकदम आजारी पडल्याने पाणी भरायला आणि अन्न शिजवायलाही कोणी उरले नाही. पूर्वेला गव्हर्नर जॉन पॉयर यांनी जहाजांवर कडक विलगीकरण लादले. तिथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. रक्त तेच होते. वेगळा होता तो एका अधिकाऱ्याचा निर्णय.

१५.
म्हणजे निष्कर्ष काय? साथीत कोण दगावणार, याची तयारी साथ येण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. मजुरीच्या दरात, घरभाड्यात, धान्याच्या भावात आणि जातीच्या उतरंडीत ती होत असते. विषाणू भेद करीत नाही, हे खरे. परंतु त्याला भेद करण्याची गरजच पडत नाही. ते काम समाजाने त्याच्यासाठी आधीच करून ठेवलेले असते.

१६.
म्हणूनच 'ज्याची प्रतिकारशक्ती कमी, तो गेला' या वाक्यावर माझा रोष आहे. ते मृतालाच मृत्यूचे कारण ठरवते. जणू दुबळेपणा हा त्याचा स्वभावदोष! त्या एका शब्दाच्या आड गिरणीमालक, घरमालक, नगरपालिका आणि सरकार सारेच सुखाने लपतात.

१७.
आणि 'रोग सर्वांना समान' हे वाक्यही तितकेच अपायकारक आहे. सर्वांना धोका समान असेल, तर कोणालाही अधिक मदत देण्याचे कारण उरत नाही. समतेच्या भाषेत विषमता झाकण्याची ही युक्ती जुनी आहे. तिला बळी पडू नका.

१८.
त्या काळातही हे ओळखणारी माणसे होती. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, ती कामगारवस्त्यांत काम करण्यासाठीच. आणि साथ ओसरते न ओसरते तोच, जानेवारी १९१९ मध्ये, मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी महागाईविरुद्ध संप पुकारला. आप्तांना नुकतेच स्मशानात पोचवून आलेल्या त्या कामगारांनी मागितली ती वाढीव मजुरी.

१९.
इतिहासाची आवड असलेल्या तरुण मित्रांना एक विनंती. कोणत्याही साथीविषयी वाचताना एकूण मृत्यूंच्या आकड्यावर थांबू नका. मोठा आकडा डोळे दिपवतो आणि सगळ्यांना एका रांगेत उभे करतो. विचारा: कोणत्या वस्तीतले? कोणत्या कामातले? पुरुष किती, स्त्रिया किती? आणि नोंदच झाली नाही, असे कोण?

२०.
६१.६ आणि ८.३. हे दोन आकडे पाठ करा. पुढच्या साथीत कोणी 'रोग राजा-रंक पाहत नाही' असे म्हणाले, तर वाद घालत बसू नका. हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा की, आज आपल्या शहराची नोंदवही उघडली तर असाच तक्ता निघेल की नाही?

(धागा समाप्त)