रावणेश्वर तळ्यावरचे मैदान

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोल्हापूरही कधीकाळी तळ्यांचे गाव होते. त्यातले रावणेश्वर तळे बुजवून तिथे राजर्षी शाहू स्टेडियम उभे राहिले. ते आता जुने झाले आहे, पण ओस पडलेले नाही.

याचे श्रेय सिमेंटपेक्षा पेठांना अधिक आहे. शाहू महाराजांनी 1912 मध्ये कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले. पुढे ज्या गल्ल्यांच्या तालमींत लाल माती होती, त्याच गल्ल्यांनी फुटबॉलचे संघ काढले. म्हणून तर संघांची नावे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशी. सामना दोन संघांचा असतो, हार-जीत मात्र अख्ख्या पेठेची. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

या ईर्षेला काळी बाजूही आहे. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी इथले सामने थांबले आहेत. अशी ईर्षा जिवावरही बेतते: 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल फुटबॉल सामन्यातील दंगलीत 16 प्रेक्षकांचा जीव गेला होता. त्यामुळे जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीत पहिला पैसा बाहेर पडण्याच्या रुंद वाटांवर, समर्थकांच्या वेगळ्या गॅलऱ्यांवर आणि स्त्रियांना निर्धास्त बसता येईल अशा सोयींवर खर्च व्हायला हवा. त्यानंतर पाण्याचा निचरा आणि हिरवळ. दुकानांचे गाळे सर्वांत शेवटी.

आणि दुरुस्तीच्या नावाखाली खेळ वर्षानुवर्षे बंद ठेवू नये. मैदान असले म्हणून खेळ टिकतोच असे नाही. मुंबईत कूपरेज मैदान जागेवरच होते, तरीही 1891 साली सुरू झालेली रोव्हर्स करंडक फुटबॉल स्पर्धा 2000-01 च्या हंगामानंतर बंद पडली.

हे भंडाऱ्याने का वाचावे? कारण आपल्याकडे उलटा क्रम लागतो. आधी क्रीडा संकुल, मग खेळाडूंचा शोध. शेजारच्या नागपुरात विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल सुरू केला, तो कुठल्या स्टेडियमची वाट पाहून नव्हे.

तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि भंडारा या सातही तालुक्यांत एकेक मैदान फुटबॉलसाठी राखावे. तिथे कायमचे गोलखांब रोवावेत, सभा-प्रदर्शनांना ते देऊ नये आणि शाळा-शाळांची साखळी स्पर्धा दरवर्षी ठरल्या तारखेला भरवावी. जिल्हा प्रशासनाने याची सुरुवात येत्या हंगामापासूनच करावी.