गाडीला ड्रायव्हर नको, की ड्रायव्हरला झोप हवी?

उंबरमाळी-कसारा पट्ट्यातल्या हायवेवरच्या अपघाताच्या बातम्या मी इतक्या दिल्यात, की एक ओळ न बघता टाइप होते. 'चालकाचा डोळा लागल्याने...'

परवा इंजिनिअरिंगचा भाचा म्हणाला, "मामा, विनाचालक गाडीचं सॉफ्टवेअर आता फुकट मिळतं. मग आपल्याकडे का नाही?" म्हणून वाचत बसलो.

फुकट म्हणजे ओपन सोर्स. कोड खुला, कुणीही वाचा, बदला. तीन नावं पुढे येतात. जपानच्या नागोया विद्यापीठातून २०१५ मध्ये आलेलं ऑटोवेअर, अमेरिकेतल्या कॉमा कंपनीचं २०१६ चं ओपनपायलट आणि चीनच्या बायडूचं २०१७ चं अपोलो.

ऑटोवेअर आणि अपोलोचं स्वप्न मोठं, ड्रायव्हरच नको! पण त्यासाठी महागडे लायडार आणि रस्त्याचा सेंटिमीटरपर्यंतचा तयार नकाशा लागतो. आपल्याकडे मंगळवारी नकाशा केला तर गुरुवारी डायव्हर्जन बदललेलं असतं. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं उतरलं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसत नाही. लायडारलाही धुकं बाधतंच.

ओपनपायलट त्यामानाने गरीब. ठरावीक गाड्यांनाच चालतं, लेन आणि अंतर सांभाळतं, जबाबदारी ड्रायव्हरचीच. पण त्याचा एक कॅमेरा ड्रायव्हरच्या तोंडाकडे असतो. नजर रस्त्यावरून हटली की ओरडतो, तरी ऐकलं नाही तर गाडी हळू करतो. मला विचाराल तर या सगळ्या भानगडीत आपल्या कामाची गोष्ट एवढीच.

२०२३ मध्ये गडकरी नागपुरात म्हणाले, विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. पटलं. शहापूर-मुरबाडची किती पोरं टेम्पो-ट्रकवर आहेत! पण नोकरी वाचवली, झोपेचं काय? १९६१ सालीच कायद्याने ड्रायव्हरचा दिवस साधारण आठ तासांचा ठरवला, तोही पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांकडे. एक ट्रक, एक मालक, त्याला कोण विचारतं? हे तास मोजायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, लागते ती तपासणी. ती मात्र कागदपत्रं आणि ओव्हरलोडपाशीच थांबते.

ओपनपायलट सुरुवातीला मोबाइलच्याच हार्डवेअरवर चालायचं. भाचा म्हणतो, गाडीला हात न लावता नुसता डोळ्यांवर नजर ठेवणारा भाग जुन्या फोनवर जमतो का बघतो. शेजारचा टेम्पोवाला फोन लावून घ्यायला तयार आहे. एवढंच म्हणाला, "भाऊ, आवाज मोठा ठेवायला सांगा. पहाटे तीनला हळू आवाज ऐकू येत नाही."