शेजारधर्माचे भांडवल

पुनर्वसनाच्या इमारतींत पाळणाघरे असावीत ही मागणी म्हणजे आळशी मातांचा हट्ट आणि समाजकार्यकर्त्यांचा उद्योग होय, असा सिद्धान्त एका विद्वान व्याख्यात्यांनी नुकताच मांडला; आणि ज्यांच्या घरी मूल सांभाळावयास पगारी बाई येते अशाच श्रोत्यांनी त्यावर सर्वांत मोठ्या टाळ्या वाजवल्या. व्याख्यात्यांचे नाव येथे घेत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याच्या मालकीचे नाही. मुंबईच्या कोणत्याही सुखवस्तू दिवाणखान्यात ते चहाबरोबर मिळते. परंतु दिवाणखान्यातील मत व्यासपीठावर चढले आणि त्यास संस्कृतीरक्षणाचे नाव मिळाले, म्हणजे त्याचा परामर्श घेणे प्राप्त होते.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. सरकारने घर फुकट दिले, आता पोरेही सरकारनेच सांभाळावीत काय, ही पहिली हरकत. अंगणवाडी आहेच, मग आणखी एक खाते कशाला, ही दुसरी. मूल लहान असेतो आईने घरी राहावे, ही तिसरी. आणि चौथे ब्रह्मास्त्र असे, की जुन्या चाळींत कोठे होती पाळणाघरे? आजी होती, शेजार होता, दिवसभर उघडी दारे होती. त्या दारांतून पिढ्या वाढल्या, आणि आज पाळणाघर मागणारे त्या थोर परंपरेच्या मुळावर कुऱ्हाड घालीत आहेत.

पहिल्या हरकतीस फार शाई खर्चण्याचे कारण नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाचे घर रहिवाशास विनामूल्य मिळते हे खरे. पण त्याच जमिनीवर विकाऊ इमारत उभारून विकासक त्याची किंमत पुरेपूर वसूल करतो, आणि ती जमीन ज्यांच्या वस्तीने मोकळी करून दिली त्यांनाच खैरातीचे धनी म्हणावयाचे, हा हिशोब कोणत्याही वहीत बसत नाही. तिसऱ्या हरकतीस एकच प्रतिप्रश्न: मानखुर्दची आई उद्यापासून घरी राहिली, तर चेंबूरच्या व्याख्यानप्रेमी घरातील पोळ्या कोण लाटणार?

अंगणवाडीबद्दल मात्र दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण तिचे नाव घेऊन तिचाच अपमान होत आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना ही या देशाची फार मोठी कमाई आहे. पण तिचा हेतू पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण हा आहे, आईच्या कामाच्या वेळेइतके मूल सांभाळणे हा नव्हे. ती दिवसातून काही तास उघडी असते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी घरी शिधा मिळतो, त्याला दिवसभर ठेवण्याची सोय मिळत नाही. जी सेविका वजने घेते, नोंदवह्या भरते, मोबाइलवर माहिती चढवते आणि या सर्वांबद्दल वेतन न मिळता मानधन घेते, तिच्याच पदरात आणखी वीस तान्ही मुले टाकून "सोय आहेच" असे म्हणणे, हे ज्याने अंगणवाडीचा उंबरठा ओलांडलेला नाही त्यासच सुचू शकते. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ज्या कामाचा पाया घातला, ते काम मुलांना डांबून ठेवण्याचे नव्हते, याची आठवणही व्याख्यात्यांना राहू नये याचे नवल वाटत नाही.

आता ब्रह्मास्त्राकडे वळू.

ज्या चाळींच्या आठवणीने व्याख्यात्यांचा कंठ दाटून येतो त्या चाळी कोणत्या? वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील बी.डी.डी. चाळींचेच उदाहरण त्यांनी घेतले, म्हणून मीही तेच घेतो. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती, आणि प्रत्येक कुटुंबास १६० चौरस फुटांची एक खोली. सरकारने कामगारांसाठी बांधलेली घरे ती हीच, तेव्हा सार्वजनिक घरकुलांतील मुलांचा प्रश्न शंभर वर्षांइतका जुना आहे, आणि त्या शंभर वर्षांपूर्वी तो कसा सुटत होता हे दफ्तरात लिहून ठेवलेले आहे. १९२० च्या दशकाच्या आरंभी सरकारने नेमलेल्या एका स्त्री-डॉक्टरने गिरणीत काम करणाऱ्या बायांची पाहणी केली, तेव्हा आढळले ते असे, की आई पाळीवर जाताना तान्ह्या मुलास बाळगोळी, म्हणजे अफूची गोळी, देऊन निजवून जाई. ही एखाददुसऱ्या निर्दय आईची कहाणी नव्हती, तो गिरणगावचा सर्रास रिवाज होता. त्याच काळातील आरोग्यखात्याच्या अहवालांत एकखोली बिऱ्हाडांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण मोठ्या घरांच्या कितीतरी पट अधिक नोंदवलेले आहे. उघड्या दारांच्या चाळीत, शेजारणींच्या गर्दीत, मूल अफूच्या गुंगीत पडून राहत असे. कारण शेजारीणही त्याच भोंग्याला त्याच गिरणीत गेलेली असे. व्याख्यात्यांना चाळीचा गणेशोत्सव आठवतो, भजनीमंडळ आठवते, गच्चीवरचे नाटक आठवते. बाळगोळी तेवढी आठवत नाही.

आणि ती आजी! मराठी वाङ्मयात जितक्या आज्या चाळीत राहिल्या तितक्या प्रत्यक्ष चाळीत राहत होत्या की नाही याची मला शंका आहे. गिरणगावात येणारा कामगार बहुधा एकटा येई. त्याचे बिऱ्हाड रत्नागिरीस, साताऱ्यास किंवा घाटावरच्या कोठल्यातरी गावी असे, तो खानावळीत जेवे, एका खोलीत पाळीपाळीने दहाबारा गडी निजत आणि महिन्याकाठी मनिऑर्डर गावी जाई. आजी होती, पण कोकणात, भाताच्या खाचरात. आणि तिच्याजवळ जे नातू वाढत होते ते आईबापांपासून शेदोनशे मैल दूर वाढत होते. चाळीतील मूल सांभाळण्याचे पाळणाघर जर कोणते असेल, तर ते आठनऊ वर्षांची थोरली बहीण हे होते, आणि त्या पाळणाघराचे भाडे तिच्या शाळेच्या हजेरीपटातून वळते केले जाई. ही पद्धत मोडली असेही समजू नये. कोणत्याही पुनर्वसन वसाहतीतील शिक्षिकेस विचारावे, पाचवीसहावीच्या मुली वर्गातून कोणत्या कारणाने गळतात. परंपरेच्या अभिमान्यांनी या परंपरेचाही अभिमान धरावयास हरकत नसावी.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण हा आक्षेप घेणारी मंडळी पुनःपुन्हा भेटत आली आहेत. १९७२ च्या दुष्काळात मुलांना सुकडी वाटली गेली, तेव्हा याच जातीच्या शहाण्यांनी सांगितले होते की पोरे आता शिकावयास येणार नाहीत, केवळ खावयास येतील. पोरे आली, खाल्ले, आणि त्यांतील कित्येक शिकलीही. पुढे पुनर्वसनाच्या घरात शौचालय आत असावे की मजल्यावर सामाईक असावे याचा वाद झाला, तेव्हाही "सामाईकपणातून जिव्हाळा वाढतो" असे ऐकावे लागले. हा जिव्हाळा सांगणारे गृहस्थ स्वतः दोन न्हाणीघरांच्या घरात राहत होते. मग उद्वाहनाचा वाद, मग पाण्याच्या वेळांचा वाद. प्रत्येक वेळी गरिबाच्या गैरसोयीत यांना एक संस्कृती सापडते, आणि ती जतन करण्याची जबाबदारी गरिबावरच टाकून हे सभागृहाबाहेर पडतात.

मूळ मुद्द्याकडे येतो. समजा, शेजारधर्म होता. आणि होताही, एवढे मी व्याख्यात्यांस देऊन टाकतो, कारण ताप आलेल्या मुलाला घेऊन रात्री के. ई. एम. ला धावणारी शेजारीण ही काही कल्पित गोष्ट नव्हे. पण तो शेजार कोणी मोडला? गाळ्यांचे वाटप सोडतीने होते. ज्या गल्लीत बारा कुटुंबांनी तीस वर्षे एकमेकांची सुखदुःखे पाहिली ती बारा कुटुंबे चिठ्ठी निघेल तशी बारा मजल्यांवर विखुरतात. रेल्वे, रस्ते आणि जलवाहिन्या यांच्या कामांसाठी उठवलेली माणसे मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडात, वाशी नाक्यास, माहुलला नेऊन ठेवली; कामे राहिली जुन्या ठिकाणी, घरे गेली नव्या ठिकाणी, आणि मधल्या प्रवासाचे तास वाढले ते मुलाच्या एकटेपणात. त्या इमारतींत मधोमध अंधारा बोळ, दोहो बाजूंस बंद दारे, आणि उद्वाहन बंद पडले म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा तळमजल्याशी संबंध सुटतो. आजी असलीच तर ती साठाव्या वर्षी स्वतः भांडी घासावयास जाते. म्हणजे ज्या व्यवस्थेने शेजार मोडला तिनेच आता त्या मोडलेल्या शेजाराच्या भरवशावर मुले सोडून मोकळे व्हावयाचे, आणि वर मातांना शेजारधर्माचे प्रवचन ऐकवावयाचे! वस्तुतः शेजारधर्म आज रोखीने चालतो: चौथ्या मजल्यावरची एखादी मावशी तीनशे चौरस फुटांत पाचसहा मुले महिन्याच्या पैशांवर सांभाळते. तिचे उपकार आहेत. पण तिच्याजवळ दुसरी बाई नाही, खेळण्यास जागा नाही, तपासणी नाही, आणि तिला स्वतःला एक दिवस ताप आला तर पाच आयांची त्या दिवशीची मजुरी बुडते.

आता मंडन. कायद्याने पाळणाघर मानलेले नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने ते पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांस लावले आणि १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तिसांवर आणली. २०१७ च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांस ते बंधनकारक केले. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यातही कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर त्यांच्यासाठी एक बाई नेमण्याची तरतूद होती. पण जी स्त्री सकाळी चार घरी स्वयंपाक करते आणि दुपारी दोन कचेऱ्या झाडते तिची आस्थापना कोणती? तिचा मालक सहा ठिकाणी वाटलेला आहे, म्हणून कायदा तिला कोठेच गाठू शकत नाही. तिचे एकच ठिकाण निश्चित आहे, आणि ते म्हणजे सरकारने नेमून दिलेला तिचा गाळा. सबब पाळणाघराचे कर्तव्य तेथेच लागू झाले पाहिजे. मातृत्वाच्या खर्चाचा वाटा राज्याने उचलावा हा विचारही परका नव्हे: १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मातृत्वलाभाच्या विधेयकास पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी तो मांडला होता, आणि त्यांचे बिऱ्हाड तेव्हा परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. १९२९ साली तो कायदा झाला.

खोली बांधावयाची आहे असेही नाही. पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी आणि कल्याणकेंद्र यांची तरतूद आहे, मंजूर नकाशांत ती रंगवलेली असते. प्रत्यक्षात त्या खोलीत मंडळाच्या खुर्च्या, संस्थेचे दफ्तर किंवा कोणाचे तरी जनसंपर्क कार्यालय नांदते. ती खोली ताब्यात घेऊन सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत उघडी ठेवावी. त्याच वसाहतीतील बायांना शिकवून, मानधनावर न राबवता वेतनावर नेमावे. सहा महिन्यांच्या मुलापासून पुढे प्रवेश द्यावा. मिळकतीप्रमाणे थोडी फी घ्यावी. आणि देखभालीसाठी विकासकाकडून भरून घेतल्या जाणाऱ्या रकमेच्या व्याजाचा एक हिस्सा यास बांधून द्यावा. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीस पाळणाघर जोडण्याची कल्पना आहेच. तिला या खोल्यांशी जोडणे हे एका परिपत्रकाचे काम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, आणि उरलेली कामे चालू आहेत. तेव्हा ही वेळ परिपत्रकास अगदी योग्य आहे.

यात दोष निघतील, पैसे कमी पडतील, एखाद्या ठिकाणी मूल पडेल आणि वर्तमानपत्रात येईल, हे मी जाणतो. आणि व्याख्याते तो अंक जपून ठेवतील हेही जाणतो. त्यांना माझी विनंती एवढीच, की भोगवटा प्रमाणपत्र देताना "बालवाडीच्या खोलीचा ताबा कोणाकडे आहे?" हा एक प्रश्न छापील नमुन्यात घालण्याच्या सूचनेस तरी त्यांनी विरोध करू नये. करावयाचाच असेल, तर तो प्रथम स्वतःच्या घरी मूल सांभाळणाऱ्या बाईसमोर बोलून दाखवावा, आणि तिचे स्वतःचे मूल या घटकेस कोणाकडे आहे हेही त्याच वेळी तिला विचारावे.